सात नंबरचा सांधा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. वैशालीने वेल्डिंग केलेल्या सांध्यातून हवा गळते असा कागद धाटावच्या कारखान्यात फळ्यावर डकवलात आणि तिला घरी बसवलंत. गळती शोधायला सांध्यावरून हेलियम वायू फिरवावा लागतो. तर म्हणे सिलिंडर संपलाय. आतली हवा मोजणाऱ्या गेजने आकडा दाखवला आणि तुम्ही त्याच्यापुढे मान डोलावलीत.

वैशाली कासूची. आठ वर्षं आर्गन वेल्डिंग करते, प्रत्येक सांध्याशेजारी तिच्या नंबराचा ठोकलेला पंच, सात. ती जोडते त्या स्टीलच्या पिंपातली हवा उपसायची, इतकी की आत जवळजवळ काहीच उरू नये. प्रयोगशाळांना असली पोकळी लागते.

तीन आठवडे ती घरच्या कापणीला गेली. दुपारी बांधावर डोळा लागला की ती त्या पिंपात असायची. आत कसलाच आवाज नसे, स्वतःच्या श्वासाचासुद्धा. सांध्यावरून बोट फिरवत ती चालत राहायची आणि सांधा काही संपायचा नाही.

मग पिंप घेणाऱ्या प्रयोगशाळेने आसावरीला पाठवलं. पेणची, मास्तरांची मुलगी. टेम्पोतून भलंमोठं यंत्र उतरवून घेतलं आणि म्हणाली, "जिने सांधा मारला तिला बोलवा."

वैशाली आली तशी दारातच कारखान्यातला निकेश हसला. "सात नंबर, तुझी गळती लय लाजाळू हाय गो. कुणाला दिसतच नाय."

"तुला दिसली असती तर तू वेल्डर झाला असतास," वैशाली म्हणाली.

आसावरीने मधला व्हॉल्व बंद करून गेज पिंपापासून तोडला, मग यंत्र जोडलं. यंत्राच्या काचेच्या खिडकीतून आत पाहिलं तर पोकळीत लाल ठिपका तरंगत होता. खाली आधार नाही, वर दोरी नाही.

"लिथियमचे अणू," ती म्हणाली. "लाखो आहेत. इतके थंड केलेत की हलायचंच विसरलेत. हवेचा एखादा रेणू आत उरला असेल तर तो येऊन धडकतो, की एक अणू गेला. किती वेळात किती गेले ते मोजायचं."

"शेतावर बसलेल्या पाखरांगत," वैशाली म्हणाली. "दगड आला की उडायचं. कुणीच नसलं तर बसून ऱ्हायचं."

"व्हय, तसंच. गेज खरा असेल तर दहा सेकंदांत निम्मी उडतील."

दहा सेकंद गेले. मिनिट गेलं. वैशालीला वाटलं, आपण परत बांधावर निजलोय. काचेपलीकडे रिकामं रान पसरलंय, त्यात लाल पाखरांचा थवा बसलाय आणि दगड मारायला कुणीच नाही. चार मिनिटं झाली तरी थवा जवळजवळ तेवढाच.

"पोकळी चोख आहे," आसावरी म्हणाली. "सांधा गळत नाही." मग तिने गेज खोलला. आतल्या कडेला तांबूस डाग होता, तेलकट, जळून चिकटलेला.

वैशालीने तो ओळखला. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा नव्या गेजचं टोपण तुम्हीच काढलंत, साहेब. बाहेरच्या गुळगुळीत स्टीलवर कुंकू टिकेना, म्हणून खोबरेल तेलात कालवून आत बोट टेकवलंत. दुसऱ्या दिवशी तोच गेज पिंपाला बसला. आपल्याच तोंडातल्या तेलाची वाफ मोजत बसला आणि नाव सांध्याचं घेतलं.

"मॅडम, पूजेचं ताट माझ्या हातात होतं," वैशाली म्हणाली. "मी बघितलं. देवाचं म्हणून बोलले नाय. तेवढी चूक माझी."

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. म्हणालात, "झालं गेलं. सोमवारपासून ये."

तिने तिची चूक सगळ्यांसमोर सांगितली. तुमचा कागद अजून फळ्यावर आहे, तिच्या नावानिशी, खाली तुमची सही. वैशाली त्या फळ्यापाशी उभी आहे आणि रोह्याची बस तिने सोडून दिली आहे. तो कागद कधी काढता? त्या जागी, डाग कुणाच्या बोटाचा होता हे लिहून, सही करून दुसरा कागद कधी लावता? सोमवारचं राहू द्या. आत्ता सांगा.