ओ आल्याशिवाय

“काकू, खरं सांगा, ह्या दोन खटक्यांशी तुमचं काय वैर आहे?”

बोर्डाचं झाकण उघडून वायरमनने बॅटरीचा झोत आत मारला. ओळीने सहा ब्रेकर होते. चार जसे लावले तसे, धूळ खात बसलेले. पाचवा पंपाचा. त्याचा खटका झिजून गुळगुळीत झाला होता, आकडे पुसले होते, कड तपकिरी पडली होती. वर केला की पुन्हा खाली बसायचा. आणि सहावा, तलावावरच्या दिव्याचा, तोही अंगठ्याने चोळचोळून चकचकीत झालेला.

“वैर कसलं? पंपाचा तेवढा बदला,” काकू म्हणाल्या. “आणि मागे तलावाच्या भिंतीवर पंपाला वेगळा स्विच द्या. चारला मुलं यायचीत.”

काकू घरामागच्या छोट्या तलावात मुलांना पोहायला शिकवत. अडुसष्टाव्या वर्षी चाळीस मुलं त्यांच्या शिट्टीवर पाण्यात उतरत.

वायरमनला लोक ‘चौकशी खातं’ म्हणायचे, ते काही उगाच नाही. बिघाड दुरुस्त करून त्याचं समाधान होत नसे. तो का झाला हे कळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे. पंपाचा ब्रेकर झिजला हे एक वेळ समजत होतं. ब्रेकर म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा, संकटापुरता सोबती. त्याला रोज स्विचसारखा राबवला की तो दम तोडणारच. पण दिव्याचा का झिजावा?

“काकू, वर्ग रात्री घेता का कधी?”

“छे. उजेड गेला की कुलूप.”

“मग तलावावर दिवा कशाला लागतो?”

काकूंनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. “तुम्ही कामाला लागा बघू,” असं म्हणून त्यांनी विषय मोडला.

खुर्चीत काका बसले होते. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तरी शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं, केस विंचरलेले. आत्ता कुणी ड्यूटीवर बोलावलं असतं तरी चाललं असतं. वायरमनचा प्रत्येक स्क्रू ते बारकाईने पाहत होते.

काकूंनी वायरमनला दाराशी बोलावून हळू आवाजात सांगितलं, “पंप हेच लावतात. भिंत धरून बोर्डापर्यंत जातात. हल्ली खटका टिकत नाही, पाच-सहा वेळा वर करावा लागतो. परवा पाय घसरला ह्यांचा. माझ्या काळजाचं पाणी झालं हो. बाहेर स्विच आला की मीच लावीन. ह्यांना आराम.”

वायरमनने मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि जुना ब्रेकर काढून खिशात टाकला. वायरचं जळकं टोक कापलं, नवा ब्रेकर बसवला, पाइपातून वायर मागे नेली. पाण्यातून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, भिंतीवर झाकणाची पेटी बसवली. हे सगळं व्हायला तीन वाजले.

“लावा काकू!” आत बोर्डापाशी येऊन तो ओरडला.

मागे पंप घुमला. वायरमन खूश होऊन वळला आणि तिथेच थबकला. काकांचा डावा हात बोर्डाच्या दिशेने अर्धा उचललेला होता. तो तसाच हवेत राहिला, मग हळूच मांडीवर आला. थोड्या वेळाने काकांनी गळ्याशी हात नेला आणि शर्टाचं बटण काढलं.

आपण चांगलं काम केलं आणि कुणाचं तरी नुकसान केलं, एवढं वायरमनला कळलं. कसलं ते कळेना. त्याने खिशातला जुना ब्रेकर काढून काकांच्या हातात दिला.

“काका, दिव्याचा खटका कशाने झिजला?”

काकांनी ब्रेकरवर अंगठा ठेवला. खाली, वर. खाली, वर. मग थांबले. मान मागच्या दाराकडे कलती केली, कान दिला. वायरमन वाट पाहत राहिला. काकांनी खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा वाजवलं, टक टक, आणि मगच पुन्हा खटका वर केला.

“अहो काकू, इकडे या जरा. हे काय सांगतायत?”

काकू पदराला हात पुसत आल्या. जुना ब्रेकर काकांच्या हातात पाहून खाली बसल्या.

“पंपघरातली रीत आहे ती. पंप लावायच्या आधी हाक मारायची, पलीकडून ओ आल्याशिवाय लावायचा नाही. तरुणपणी ह्यांनी एकदा ‘ओ’ची वाट पाहिली नाही. पंपात सोबत्याची दोन बोटं गेली. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत एकदाही चुकले नाहीत. आता हाक मारता येत नाही, म्हणून दिवा दोनदा लावतात. मी पाण्याजवळ सगळं बघते आणि पाइपावर दोनदा वाजवते. मग पंप.”

“काकू, उठायला लागू नये हे तुमचं बरोबर,” वायरमन म्हणाला, “पण ह्यांचं कामच काढून घेतलंत की हो.”

“मी ह्यांना विचारलंच नाही,” काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

वायरमनने पिशवी पुन्हा उघडली. “बाहेरचा स्विच राहू द्या. कायम चालू ठेवायचा. अडचण आली तर पंप बंद करायला फक्त. सुरू करणं मात्र काकांकडे.”

खुर्चीच्या डाव्या अंगाला, बसल्या बसल्या हात पोचेल अशा उंचीवर त्याने एक पेटी बसवली. तिच्यात दोन स्विच, एक दिव्याचा, एक पंपाचा. काकांनी त्याला दोनदा खूण करून पेटी बोटभर खाली घ्यायला लावली. वायरमनने कुरकुर न करता घेतली.

चारला मुलांचा गलका मागच्या अंगणात शिरला. काकांनी गळ्याचं बटण लावलं. एका हाताने ते लागायला वेळ लागला. मग दिवा दोनदा लावून विझवला आणि अंगठा पंपाच्या स्विचवर ठेवला.

मागून काहीच आवाज आला नाही. नुसता मुलांचा दंगा. वायरमनला पंप चाललेला पाहून निघायचं होतं.

“दाबा की काका, चार वाजून गेले.”

काकांनी अंगठा उचलला. हात वायरमनच्या समोर धरला, त्यातली दोन बोटं दुमडली आणि तसाच थोडा वेळ दाखवला. मग अंगठा परत स्विचवर ठेवला आणि मागच्या दाराकडे कान दिला.

टक टक.

काकांनी पंप लावला.