गॅरेजमधला पाहुणा

गॅरेजच्या भिंतीवर काडेपेटीएवढं पांढरं यंत्र होतं. त्यावरचं तापमान नऊ अंशांवरून हलत नव्हतं. छोट्या हीटरने गादीची एकच कड ऊबदार होई. दुसरी खालच्या काँक्रीटइतकीच गार राही.

मयूरा ऊबदार कडेला लॅपटॉप घेऊन बसली होती. परदेशातल्या वेरिबी या उपनगरातलं तिचं घर युनिव्हर्सिटीच्या एका अभ्यासात सामील झालं होतं. अभ्यासाचा प्रश्न होता: उद्या सगळी वस्ती सौरवीज आणि बॅटऱ्या वाटून घेणार असेल, तर कुठल्या घराला कधी आणि कशासाठी वीज लागेल? 'कधी' हे घरोघरी लावलेली अशी यंत्रं सांगत. 'कशासाठी' हे रहिवाशांनी ॲपवर कळवायचं. पुण्यात पदार्थविज्ञान शिकलेल्या मयूराने हौसेने नाव दिलं होतं.

सासूबाई, वासंतीताई, फेब्रुवारीत नातीला भेटायला आल्या आणि विमानं बंद झाल्यावर अडकल्या. आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे पाळीत बाजूला बसतात."

"ॲडजस्ट कर ना," तिचा नवरा यतिन म्हणाला होता. "चारच दिवस असतात. आईची फ्लाइट सुरू झाली की सगळं नॉर्मल."

त्या दिवसांत ताट गॅरेजच्या पायरीवर येई. दारापलीकडून घरातलं हसणं ऐकू येई. लॉकडाउनमुळे कुणाकडे जायचीही सोय नव्हती. 'आज बोलते' असं म्हणत दर महिन्याला ती बोलायची राहून जाई, आणि ॲपवर हीटरच्या वापरापुढे ती लिही: पाहुणे.

ऑगस्टमधल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या त्या शनिवारी दुपारी अभ्यासातली घरं झूमवर जमली. संशोधक हेलनने तिच्या घराचा आलेख लावला.

"मयूरा, एक विचारू? गॅरेजमध्ये दर महिन्याला पाहुणे. पण लॉकडाउनमध्ये?"

"मेट, नियम मोडल्याचा फाइन बसेल हं!" एक शेजारी हसला.

मयूराही हसली. 'ऑफिसचं काम' असं काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात घराकडचं दार उघडलं. अकरा वर्षांची उर्वी उशी आणि दुलई कवटाळून उभी होती.

"मम्मा, इट्स स्टार्टेड. आजी म्हणाली, आता मीपण इथेच." तिने गादीकडे पाहिलं. "कॅन आय हॅव द हीटर साइड?"

मयूराने एकदा त्या नऊच्या आकड्याकडे पाहिलं.

"पाहुणे नाहीत, हेलन," ती इंग्रजीत म्हणाली. "आमच्या घरात पाळी आलेली बाई इथे बसते. ती बाई मी आहे. नोंद दुरुस्त करा."

मयूराने हीटरचा प्लग काढला आणि उर्वीचा हात धरून ती आत गेली.

"अगं अगं! स्वयंपाकघरात कुठे?" तव्यावर थालीपीठ थापणाऱ्या वासंतीताई मागे सरकल्या. "मी बसले की जन्मभर. मला काय झालं?"

"एकट्याच बसायचात ना, आई?"

वासंतीताई उलथनं हातात धरून उर्वीकडे पाहू लागल्या. तव्यावरचं थालीपीठ करपू लागलं.

गळ्यात हेडफोन अडकवलेला यतिन खोलीतून आला. "मयू, नंतर बोलू या. आई आहे तोवर..."

"नंतर नाही." मयूराने उर्वीच्या हातातली उशी घेतली. "उर्वी तिच्या खोलीत झोपेल. मी माझ्या. आजपासून या घरात कुणीही बाजूला बसणार नाही."