वळणावरचा ट्रक

आमच्या बाबांच्या दुकानात दाढी करायला बसलं की गोष्ट फुकट. वस्तरा गळ्याशी असताना खोटं बोलताय असं म्हणायची कुणाची टाप होती? त्यामुळे सैन्यातून परतलेल्या दादाची गोष्ट वाढतच गेली. आधी तिच्यात नुसता गोळीबार होता. मग आग आली, आणि शेवटी दादाने जळत्या लष्करी ट्रकमधून एका सोबत्याला ओढून बाहेर काढलं.

खरी गोष्ट दोन ओळींची होती. सैनिकांना नेणारा ट्रक मोकळ्या रस्त्यावर, एका साध्या वळणावर उलटला. दोघे जागीच गेले आणि दादाच्या डोक्याला मार लागला, कंबर मोडली. ना शत्रू, ना लढाई. मुलगा जन्माचा अधू झाला हे बाबा सांगू शकत होते. वळणावर झाला हे सांगताना त्यांची जीभ अडायची.

दादाच्या डोक्यातून ते दिवस पार पुसले गेले होते. दवाखान्यात त्याने विचारलं, "बाबा, मला काय झालं?" आणि बाबांनी तिथेच, खाटेशेजारी बसून, ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मला खरं कळलं तेव्हा मी कडाडून भांडले. बाबा म्हणाले, "तेवढाच आधार आहे गं त्याला." आधार कसला, डोंबल.

बाबांच्या मागे दुकानातली खुर्ची दादाचीच व्हायची होती. पण त्याचा हात थरथरतो, वस्तरा धरवत नाही. कातर मी शिकले. तो टॉवेलच्या घड्या घालतो, केस झाडतो आणि डोकं दुखायला लागलं की दिव्याकडे पाठ करून बसतो. झाडता झाडता मधेच थांबून विचारायचा, "एकाला काढलं, मग त्या दोघांना का नाही काढलं मी?" बाबा म्हणायचे, "तू काय कमी केलंस?" पोराला शूर करायला गेले आणि दोन मरणं त्याच्या गळ्यात बांधून बसले.

एकदा दुपारी एक अनोळखी माणूस दाढीला आला. रुंद खांद्यांचा, अबोल. बाबांनी साबण लावला, केस झाडणाऱ्या दादाकडे बोट दाखवलं आणि गोष्टीची गाडी सुरू केली. गोळीबार झाला, आग झाली. माणूस ऐकत राहिला. अर्धी दाढी झाल्यावर तो म्हणाला, "आग लागली नव्हती."

बाबांनी वस्तरा गालावरून उचलला.

"ट्रक मी चालवत होतो," तो आरशातूनच दादाला म्हणाला. "वळण जोरात घेतलं. तुझी माफी मागायला आलोय. इतकी वर्षं धीर झाला नाही."

दादा जवळ आला. "मी तुला बाहेर काढलं ना?"

"नाही रे. तूच खाली अडकला होतास. रस्त्यावरच्या लोकांनी तुला काढलं."

"मग ते दोघे?"

"ते माझ्यामुळे गेले. तुझा काय संबंध?"

दादा बाकावर बसला. झाडू बाजूला ठेवला. मग म्हणाला, "बाबा?"

"वळण सांगायची लाज वाटली रे मला," बाबा म्हणाले. आणि त्यांनी वस्तरा फळीवर ठेवला.

तो ड्रायव्हर उठायला लागला तेव्हा दादानेच त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं. "बस. दाढी अर्धी राहिलीय." दुकानात आता थरथरणारे हात दोन माणसांचे होते, म्हणून वस्तरा मी घेतला.

मला वाटलं, सुटला बिचारा. बाबाही आता कुणी विचारलं तर सरळ सांगतात, "अपघात झाला. वळणावर ट्रक उलटला." फार उशिरा सुचलेलं शहाणपण. कारण दादा अजूनही झाडता झाडता थांबतो आणि विचारतो, "त्या दोघांना का नाही काढलं मी?"

"दादा, तू ट्रकखाली होतास," मी म्हणते.

"ते ठाऊक आहे गं मला. पण आठवते ती आगच."

खुर्चीतलं गिऱ्हाईक विचारतं, "कसली आग?" बाबा कातर थांबवून म्हणतात, "मी लावलेली."