वळणावरचे सात दगड

"हे इथं कुणी मांडलं?"

नदी मंडळाच्या राजवर्धनसाहेबांनी मोबाईलवरून नजर काढून पहिल्यांदाच खाली बघितलं होतं. नदीच्या वळणावर, पाण्याच्या अगदी कडेला सात दगड ओळीनं उभे होते. केशरी, ओलसर. पुढं हिरव्या बांगड्या आणि फुटका नारळ.

"आसरा हायत्या साहेब," भामाबाई खराटा टेकवून म्हणाली. "त्या कोन मांडत न्हाई. त्या येत्यात."

पाण्यातल्या या सात बहिणी आमच्याकडं कुणाला सांगाव्या लागत नाहीत. बाळंतीण त्यांची ओटी भरते, आणि त्यांना ओलांडून पुढं कुणी जात नाही. पोरं तर नाहीच नाही.

मी माझ्या उत्कर्षाला कडेवर घेऊन बाकापाशी उभी होते. भामाबाईच्या कोपराला लागलेला केशरी रंग मला दिसत होता. काठच्या चालायच्या ट्रॅकवरच्या अंतराच्या दगडांना मंडळानं फासलेला रंगही नेमका तोच.

ही नदी आधी वाळूवाल्यांनी पोखरली. मग खडी क्रशरचा राखाडी गाळ तिच्यात सुटला, आणि गावानं नाक दाबून तिच्याकडं पाठ केली. तिला जिवंत करायला मंडळ आलं. नदी संवर्धन व पर्यटन मंडळ, नावातच दम लागतो. त्यांनी गाळ काढला, बंधारा घालून पाणी अडवलं, काठानं रंगीत फरशीचा ट्रॅक केला, बाकं टाकली. फोटो काढायला बदामाच्या आकाराची लोखंडी चौकटही उभी केली. नदी जिवंत झाली की नाही हे कोण विचारतो, फोटोत ती छान यायला लागली.

वळणावरचा वाळूचा खड्डा मात्र तसाच राहिला. फक्त आता तो हिरव्यागार पाण्याखाली दिसेनासा झाला.

भामाबाई ट्रॅक झाडायची. त्याआधी कितीतरी वर्षं तिनं याच वळणावर वाळू चाळली होती. तिनं साहेबांना सांगून बघितलं, "तितं कठडा घाला. आमीच खांदलाय त्यो खड्डा. हत्ती जाईल आत."

साहेब म्हणाले होते, "कठडा घातला की व्ह्यू जातो, मावशी."

त्यानंतर आठवड्याभरात आसरा आल्या.

आता साहेबांनी दगड उचलायला माणसं बोलावली. माणसं आली आणि लांबच थांबली. जेसीबीचा ड्रायव्हर गुंडा तर खालीच उतरेना.

"साहेब, बायकू सात म्हैन्यांची हाय माजी. मी न्हाई हात लावायचा."

"अरे, दगड आहेत ते."

"मंग तुमीच उचला की."

साहेब तावातावानं निघाले. दोन पावलांवर थांबले आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. एक बूट निघाल्यावर आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. तो परत घालत म्हणाले, "उद्या बघू."

गुंडानं तोंड फिरवून हसू गिळलं.

उद्याचे दोन महिने झाले. बाया ओट्या भरायला येऊ लागल्या. पोरं धावत यायची आणि दगडांपाशी गप्पकन थांबायची. उत्कर्षा तर रोज एक खडा उचलून पुढं ठेवायची आणि बोबडं म्हणायची, "आच्ला, घे." घरी कामं पडलेली असायची, पण त्या एका खड्यासाठी मी रोज वाट वाकडी करायची.

मग पाहणीला मंडळाचे अध्यक्ष आले, हंबीरराव आबा. त्यांना खड्डा दिसला नाही, नारळ दिसले. नारळ फोडणाऱ्या बाया दिसल्या.

"आमच्या आयाबहिणींनी इतक्या आडबाजूला यायचं? देवी गेटावर घ्या."

दगड हलवायला मुहूर्त काढला. मुहूर्त निघाल्यावर गुंडाचीही हरकत राहिली नाही. गेटाजवळ संगमरवरी चौथरा झाला, वर पत्रा, समोर घंटा, आणि अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नावांची पाटी. चौथऱ्याभोवती बसवायला चकचकीत स्टीलचा कठडाही आला.

कठडा टेम्पोतून उतरत होता तेव्हा भामाबाई साहेबांपाशी गेली. मी टेम्पोच्या आडोशाला होते, सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, आनलाच हाय तर वळनावर लावा की."

"देवीला नको का मावशी?"

भामाबाईनं इकडंतिकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "देवी न्हाई ती. मीच रंगवल्यात दगडं. तुमच्याच डब्यातला रंग हाय. पोरं म्होरं जाऊ नयेत म्हून केलं."

साहेबांनी मोबाईल खिशात घातला. मला वाटलं, आता तरी काही हलेल.

"हे दुसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांगू नकोस. कामावर राहायचं असेल तर अजिबात नको." आणि ते टेम्पोवाल्यावर ओरडले, "अरे सांभाळून, चरे पडतील!"

सात दगडांना कठडा मिळाला. आबांनी आरती केली. भाषणात नदी आठ वेळा माता झाली.

त्या संध्याकाळी गेटावर ही गर्दी. उत्कर्षानं माझं बोट सोडलं आणि ती सवयीनं वळणाकडं पळाली. मी मागं धावले. तिच्या पुढं नुसतं पाणी होतं, हिरवं, गुळगुळीत, मऊ दिसणारं.

ती थांबली.

दगड होते तिथं भामाबाई बसली होती. तिचं काम दुपारीच संपलेलं. डोक्यावर पदर, मांडीवर खराटा, पाठ पाण्याकडं.

"म्होरं न्हाई जायाचं, बाय."

उत्कर्षानं दगड शोधले. मग मुठीतला खडा भामाबाईच्या पायापाशी ठेवला आणि माझ्याकडं बघितलं, बरोबर केलं ना, अशा नजरेनं.

"रोज बसणार इथं?" मी विचारलं.

"बसायचं. घरी तरी काय करायचंय?"

तिकडं गेटावर घंटा वाजत होती. लांबून आणखी दोन पोरं पळत येताना दिसली. भामाबाईनं खराटा आडवा धरला आणि थोडं सरकून उरलेली मोकळी जागा भरून काढली.