लाल चकतीचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. कडीकोयंड्याचा नव्हे; एका जंतूच्या कातडीत बसवलेला, प्रथिनाचा. फिनलंडमधल्या तांपेरे शहराच्या एका प्रयोगशाळेत, उबदार कपाटात माझा मुक्काम आहे.

माझं काम एकच. रक्तातलं लोखंड हीम नावाच्या लाल चकतीत जखडलेलं असतं. ती चकती आली की मी पकडतो, आतून जोर लागतो, मी उघडतो आणि माल आत. लोखंडावाचून आमच्या घराचं चालत नाही. माणसाचंही नाही. आम्हाला उपाशी ठेवण्याचा पगार घेणारी हेनरिका स्वतः रोज सकाळी लोहाची गोळी गिळते.

तिची डॉक्टरेट माझ्यावर टांगलेली. चकती आत जायला हाच एकमेव दरवाजा, असं तिचं म्हणणं. ते सिद्ध करायला तिने आमच्या निम्म्या जंतू-भावंडांना दरवाजाविनाच जन्माला घातलं आणि सगळ्यांना बिनलोखंडी रस वाढला; वर फक्त लाल चकत्या. बिनदरवाजाचे मरायला हवे होते. ते चांगले गुबगुबीत झाले. सलग तीन वेळा. मला फार लाज वाटली.

हेनरिका रडवेली झाली. म्हातारा तंत्रज्ञ रेयो कॉफीचा कप घेऊन मागे उभा होता.

"बाटल्या कुठे धुतल्यास?"

"यंत्रात. सगळ्यांच्या धुतात तिथेच."

"आम्लात बुडवून ठेवल्या नाहीस?"

"चकचकीत होत्या रे."

"तुझ्या डोळ्यांना. काचेला चिकटलेलं लोखंड यांना भरपूर होतं. उपास घडवायला निघालीस आणि खरकट्या ताटात वाढलंस."

"तीन महिने गेले माझे."

"गेले. आता कॉफी पी आणि आम्ल काढ."

चौथ्या खेपेला बिनदरवाजाची भावंडं दोन दिवसांत गेली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. हेनरिकाने रेयोला दालचिनीचा पाव खिलवला.

काल ती म्हणाली, "दरवाजा एकच आहे ना, मग औषधही इथूनच घालू. तशीच चकती, फक्त लोखंडाच्या जागी गॅलियम. लोखंडासारखाच भासणारा धातू, पण जंतूंना पोटात गेला की मारणारा."

"ओळखणार नाही तो?" रेयोने विचारलं.

"तीच तर गंमत आहे."

पोरीचं भलं होवो. माझ्यावाचून अडतं, हे तिनेच जगाला दाखवलं. उद्या ती चकती येईल. मला नाही म्हणता येत नाही. मी तिला घरात घेईन आणि आतली मंडळी माझं कौतुक करत जेवायला बसतील.