तयार की जोडलेला

"तयारच घे, म्हणतो मी," चष्मेवाला ताटावरून मान वर न करता म्हणाला. "दुकानात जायचं, पेटी उचलायची, घरी आणून वायर लावायची. दहा ठिकाणचे दहा तुकडे आणून घरात पसारा कशाला?"

बायकोने हातातला घास तसाच ठेवला. छापखान्यात तिने आयुष्यभर मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाली तरी चूक दिसली की थांबायची सवय काही गेली नव्हती.

"अहो, हे तुम्ही बोलताय? रस्त्यावरचा तयार चष्मा घालून कुणी दुकानात आलं तर तुमच्या कपाळाला आठ्या पडतात. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, दोन कान सारखे नसतात, तयार चष्मा म्हणजे दुसऱ्याचे बूट. कान किटले माझे ऐकून. आणि मला मात्र तयार कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटरला काय नाक-कान असतात?"

"कॅप्टन म्हणतात, असतात."

झालं. कॅप्टनचं नाव निघालं आणि चष्मेवाल्याच्या तोंडची चव गेली.

या कॅप्टनला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तरीही घरात रोज संध्याकाळी तो हजर असे. मुलगी परदेशी जाताना आईच्या जुन्या लॅपटॉपवर एक खेळ घालून गेली होती, वेळ जावा म्हणून. पाच जणांची टोळी, एक किल्ला, आणि चाल करून येणारी दुसरी टोळी. पाचही जण पाच गावांत बसून कानाला हेडफोन लावून खेळत. आपली बायको चार दिवसांत कंटाळेल असं चष्मेवाल्याला वाटलं होतं. पण तिने असे काही नेम धरले, की टोळीने तिला बुरुजावर बसवलं आणि कॅप्टनने तिचं नाव ठेवलं, नेमबाज.

इतक्या वर्षांच्या संसारात चष्मेवाल्याने बायकोला 'अगं' याखेरीज काही म्हटलं नव्हतं. फार झालं तर 'ऐकलंस का'. तशी कधी गरजच पडली नाही, 'अगं' म्हटलं की तीच ओ द्यायची. आणि हा कोण कुठला फ्रिज दुरुस्त करणारा माणूस तिला न बघता तिचं बारसं करून मोकळा झाला. तोही विधुर. हे तिनेच सांगितलं होतं, हळहळून. ती हळहळ चष्मेवाल्याला त्या नावाहूनही जास्त झोंबली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे तिचं हसणं. कॅप्टन काय बोलला ते हेडफोनमधून तिच्या कानात जाई, चष्मेवाल्याच्या वाट्याला नुसतं हसू येई. पेपर समोर धरून तो त्या हसण्याच्या मागचा विनोद शोधत बसे. स्पष्टच सांगायचं तर तो जळत होता. या वयात, आणि असल्या पोरखेळावरून आपण जळावं याचीही त्याला लाज वाटत होती, पण म्हणून जळायचं काही थांबत नव्हतं.

बायकोचं म्हणणं असं, की लॅपटॉप आता थकला. खेळ मध्येच अडखळतो, चित्र धूसर दिसतं, हातचे नेम चुकतात. नवीन मोठा कॉम्प्युटर हवा. कॅप्टन म्हणाला, तयार घेऊ नका, एकेक भाग निवडून मागवा, मी एका रविवारी येऊन तुमच्याकडूनच जोडून घेतो. चष्मेवाल्याला यातलं फक्त 'येऊन' एवढंच ऐकू आलं. तेव्हापासून त्याने तयार कॉम्प्युटरचा धोशा लावला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो मोठ्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये गेला. काचेच्या पेटीत निळे-जांभळे दिवे लावलेली यंत्रं ओळीने मांडली होती.

"यात आत काय काय आहे?" त्याने विचारलं.

"सगळं चांगलंच आहे, काका," विक्रेता म्हणाला. "दिव्यांचा रंगसुद्धा बदलतो."

"रंग दिसतोय. आतला वीजपुरवठ्याचा डबा कुणाचा?"

"काका, ते बघायची वेळच येत नाही. वॉरंटी आहे ना."

असं उत्तर त्याच्या दुकानातल्या कारागिराने गिऱ्हाइकाला दिलं असतं, तर त्याने त्याला संध्याकाळपर्यंतही ठेवलं नसतं. पण आज त्याने ते गुळगुळीत माहितीपत्रक नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि घरी येऊन बायकोपुढे धरलं.

तिने ते वाचलं. पेन्सिल घेतली आणि तीन ठिकाणी खुणा केल्या. "इथे शुद्धलेखन चुकलंय. इथे एकच गोष्ट दोनदा लिहिलीय. आणि इथे काय आहे ते लिहिलेलंच नाही." मग पत्रक परत देत म्हणाली, "मी जोडायचाच ठरवलाय. तुम्हाला एवढं का खुपतंय, ते तरी सांगा."

त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच, कारण खुपणारी गोष्ट एक नव्हती, दोन होत्या. कॅप्टन ही पहिली. दुसरी खाली दुकानात होती.

उन्हाळ्यातच त्याच्या लक्षात आलं होतं. बायको खेळताना हनुवटी वर करून, मान मागे टाकून बसायची. चष्म्याच्या धंद्यात एवढं बघितलं की पुरतं. तिच्या चष्म्याच्या वरच्या भागातून लांबचं दिसे, खालच्या भागातून हातातलं पुस्तक. पडदा या दोन्हींच्या मधे होता आणि त्या मधल्या अंतराचा नंबर तिच्या चष्म्यात नव्हताच. लॅपटॉप अडखळत होता हे खरं, पण धूसर दिसण्यात त्याचा काही दोष नव्हता. दुसऱ्याच दिवशी चष्मेवाल्याने त्या अंतराचा स्वतंत्र चष्मा केला. तिच्या नाकाचं माप, कानाचं वळण, सगळं त्याच्या हातात होतं, वेगळं मोजायला लागलं नाही.

चष्मा खिशात घालून तो जिना चढला. दाराशी आला तर आतून आवाज येत होता. "कॅप्टन, तुम्ही नसता ना, तर मी केव्हाच मेले असते." आणि मग ते हसणं. ती खेळातल्या मरणाबद्दल बोलत होती, हे त्याला कळत होतं. तरीही त्याचा हात खिशाबाहेर आला नाही. सकाळी त्याने तो चष्मा, लोकांनी करून घेऊन परत न नेलेल्या चष्म्यांच्या डब्यात टाकला. उद्या देऊ, म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. नेम चुकत राहिले तर ती आपोआप कंटाळेल, असा त्याचा हिशेब होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा नवऱ्यानेच लपवला होता आणि बायको वळशावर वळसे घालत होती.

थंडी पडली तशी एकेक खोकी यायला लागली. ती प्रत्येक खोकं लहान बाळाला उचलावं तसं उचलून टेबलावर ठेवी, आतली पुस्तिका वाची आणि त्यातही चुका काढी. आणि मग तो रविवार आला.

कॅप्टन दारात उभा राहिला तेव्हा चष्मेवाल्याला आधी बरंच वाटलं. बुटका, टक्कल पडलेला, स्वेटरची वीण कोपराशी उसवलेली. आणि नाकावर रस्त्यावरचा तयार चष्मा, तोही एका कानावर चढलेला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"नेमबाज तुम्हीच ना?" कॅप्टन बायकोला म्हणाला आणि चक्क लाजला. मग चष्मेवाल्याकडे वळून, "नमस्कार साहेब. आज तुमच्या घरात जरा पसारा करणार आहे."

"करा, करा," चष्मेवाला म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोघं टेबलाशी बसले. चष्मेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर घेऊन बसला. कॅप्टनने एकाही भागाला हात लावला नाही, नुसतं सांगत राहिला. मुख्य चिप बसवायची वेळ आली तेव्हा बायकोने ती दोन बोटांनी कडेला धरली, पण खाली टेकवेना.

"जोर लावायचा नाही, नेमबाज. जागा बरोबर असली की आपोआप बसते."

काच फ्रेममध्ये बसवताना चष्मेवाला नवीन माणसाला हेच सांगत असे, जवळपास याच शब्दांत. बायकोला मात्र त्याने कधी दुकानात बसवून काही शिकवलं नव्हतं. तिने एकदोनदा विचारलंही होतं, लग्न नवीन असताना. "तुला काय करायचंय?" असं तो म्हणाला होता, ते त्याला आज इतक्या वर्षांनी आठवलं. पेपरमधली अक्षरं त्याला दिसेनाशी झाली, आणि त्याच्या चष्म्याचा नंबर तर अगदी बरोबर होता.

दुपारी पेटीचं झाकण लागलं. बायकोने बटण दाबलं. पंखा फिरला आणि मोठ्या पडद्यावर किल्ला उभा राहिला. तिने टाळी वाजवली आणि हेडफोन लावून बुरुजावर जाऊन बसली.

पहिला नेम चुकला. दुसराही. तिने हनुवटी वर केली, मान मागे टाकली.

"कॅप्टन, अजून धूसरच आहे हो."

कॅप्टनने वायर बदलली, पडद्याची सेटिंगं पाहिली, पुन्हा पेटी उघडून बंद केली. शेवटी हात पुसत म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. काय चुकलं कळत नाही."

बायकोने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मशीनचं काही चुकलेलं नाही. माझंच वय झालं. तुम्ही दुसरा नेमबाज बघा." मग कोपऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमचंच खरं होतं, अहो. तयार घेतला असता तर निदान परत तरी करता आला असता."

तुमचंच खरं होतं. हे शब्द ऐकायला त्याने इतके महिने कळ काढली होती. उद्यापासून संध्याकाळी घरात शांतता होणार होती. ती त्याच्यासमोर बसली असती, पेपरचं आतलं पान मागितलं असतं. आणि तिचा चेहरा आत्ता आहे तसा असता, रोज. चष्मेवाल्याने पेपर बाजूला ठेवला.

"आलोच," तो म्हणाला.

खाली जाऊन त्याने शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरला, डबा उघडला. चष्मा सापडायला वेळ लागला नाही. वर येऊन त्याने बायकोच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि हा चढवला. त्या पहिल्या वेळेलाही असंच केलं होतं, लग्नाआधी ती गिऱ्हाईक म्हणून आली होती तेव्हा.

ती पडद्याकडे वळली. कोपऱ्यातल्या अगदी बारीक अक्षरांतली ओळ तिने मोठ्याने वाचली आणि त्यातली एक चूक सांगितली. मग चष्मा हाताने चाचपला.

"हा आत्ता केलात?"

"नाही."

"मग कधी?"

"उन्हाळ्यात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मजकुरात चूक सापडली की ती अशीच थांबायची, पेन्सिल उचलण्याआधी. चष्मेवाला तसाच उभा राहिला.  तिने हेडफोन कानाला लावले आणि पाठ वळवली. ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पहिला नेम लागला. मग लागतच गेले, आणि ती हसायला लागली.

"कमाल आहे, साहेब," कॅप्टन हळूच म्हणाला. "मलाही एक असा करून द्या. हा रस्त्यावरून घेतलेला. बायको होती तेव्हा ती ओरडायची, आता कोण बघतंय?"

नाही म्हणायला चष्मेवाल्याची जीभ रेटली नाही. त्याने खिशातली पट्टी काढली, कॅप्टनचा वाकडा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर वीतभर अंतरावर उभा राहिला. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं तर एवढं जवळ जावंच लागतं.

"माझ्याकडे बघा."

कॅप्टनने पाहिलं. पण मागे ती पुन्हा हसली आणि त्याचे डोळे चष्मेवाल्याच्या खांद्यावरून पलीकडे गेले. पडद्यावर गेले असते तर चष्मेवाल्याला चाललं असतं. पण डोळा कुठे टेकलाय हे ओळखण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि ते पडद्याच्या बरेच अलीकडे, खुर्चीत बसलेल्या तिच्यावर टेकले होते.

चष्मेवाल्याने पट्टी खाली घेतली.  मग पुन्हा वर धरली.

"इकडे, माझ्याकडे," तो म्हणाला, "नाहीतर माप चुकेल."