जेवणाच्या सुटीतला स्तूप

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर नऊ जण होते. पाच जणांच्या डोळ्याला हिरवी पट्टी, तिघे औषधाचे थेंब घालून मान वर करून बसलेले, आणि आई. तिचा नंबर जेवणाच्या सुटीनंतर लागणार होता.

आईला काचबिंदू आहे. उजवा डोळा गेलेला. डाव्यानं जानेवारीत तिला तीन मीटरवरून बोटं मोजता आली होती. तेवढं टिकलं तर थेंबांवर भागेल, कमी झालं तर गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या गावच्या, आंजीच्या बाजारात तिनं यापुढे एकटीनं भाजी घेऊन बसायचं की नाही, हे आम्ही आजच्या तपासणीवर सोडलं होतं.

सुटी झाली तशा आम्ही दोघी बाहेर पडलो. गेटबाहेर मोतीलाल नावाचा ऑटोवाला भेटला.

"काकू, मगन संग्रहालय दाखवतो, नाई तं शांती स्तूप. एकच होईन, मले पोरीले शाळेतून आनाचं हाये."

"संग्रहालयात काय हाये?" आईनं विचारलं.

"चरखे, जुनी अवजारं."

"अवजारं घरी कमी हायेत का भाऊ? ते पाहाले आंजीहून काऊन येऊ?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मोहिनी, स्तूपच पाहू. बचत गटाच्या बाया गेलत्या तवा मी वांगे तोडून राह्यलती. कुसुमबाई अजून सांगून सांगून जीव खाते."

मलाही ते पटलं. संग्रहालयातल्या वस्तू लहान, काचेमागच्या. स्तूप मोठा, म्हणजे लांबूनही दिसेल.

उतरलो तेव्हा आकाश निळं नव्हतं. एप्रिलच्या उन्हानं ते पांढरं झालं होतं, आणि स्तूपही पांढराच. त्याची कड शोधायला मलाही डोळे बारीक करावे लागले. मी आकार हिशेबात धरला होता, रंगांतला फरक धरला नव्हता.

"दिसतो का?" मी विचारलं.

"दिसून राह्यला ना. चारही मूर्त्या कशा चमकून राह्यल्या!"

स्तूपाच्या चार बाजूंना बुद्धाची एकेक मूर्ती आहे. आम्ही उभ्या होतो तिथून एकच दिसत होती. आई तिच्याकडेही पाहत नव्हती, डावीकडच्या झाडांकडे पाहत होती.

मोतीलाल हसला. "काकू, तुमाले तं आरपार दिसते!"

"मंग! चश्मा तरी हाये का मले?" आईही हसली.

मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती पायऱ्या चढली. वर वारा होता. तिनं पदर सारखा केला आणि फोटो काढायला सांगितला. फोटो चांगला आला.

"कुसुमबाईले दाखवजो," ती म्हणाली.

"दाखवते."

दवाखान्यात तपासणाऱ्या ताईंनी आईचा उजवा डोळा झाकला आणि तीन मीटरच्या खुणेवर उभं राहून बोटं वर केली.

"किती?"

"तीन," आई लगेच म्हणाली.

बोटं दोन होती. ताई दोन मीटरवर आल्या.

"आता?"

"पाच."

"अंदाजानं नका सांगू, काकू."

"अंदाज नाई लावून राह्यली मी," आई म्हणाली. मग हळू म्हणाली, "थोडं जवळ ये ना, बाई."

ताई आणखी पुढे आल्या. बोटं तीन होती.

"तीन," आई म्हणाली.

ताईंनी कार्डावर लिहिलं : डावा डोळा, एक मीटर.